बटण उजव्या हाताला होतं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एक बातमी वाचली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आता प्रत्येक खाटेजवळ टॅब बसवणार आहेत. रुग्णाला त्यावर जेवण सांगता येईल, सिनेमा पाहता येईल, बिल पाहता येईल, सिस्टरला बोलावता येईल. वाचून बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, हा टॅब खाटेच्या कोणत्या बाजूला बसवणार? काही जणांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. आमच्या घरच्या माणसाचे दवाखान्यातल्या १९ दिवसांत या एका प्रश्नापायी हाल झाले, म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. जागेप्रमाणे काटछाट करा, पण चष्म्याची गोष्ट तेवढी ठेवा, ही विनंती.

मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा शिल्पनिदेशक होतो. स्विच, रिले, घंटी, इंडिकेटर हेच आयुष्यभर शिकवलं. गेल्या वर्षी मे महिन्यात सकाळी चहा गाळता गाळता हिच्या हातातून गाळणी पडली आणि ही ओट्याला धरून खाली बसली. लकवा. डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा थांबला, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच वेळी गेलं. बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र डाव्या मेंदूत असतं, म्हणून उजवं अंग आणि वाचा पुष्कळदा जोडीनेच जातात. ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता.

आयसीयूतून वॉर्डात आणलं तेव्हाची खाट माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहे. डोक्याशी भिंतीत ऑक्सिजनचं पॅनल, आणि त्याच्या उजवीकडे गुंडाळीच्या वायरीला लोंबणारं घंटीचं बटण. उजवीकडे! वायर ओढून पाहिली, डाव्या हातापर्यंत वीतभर कमी पडत होती. खाट फिरवता येईल का विचारलं, तर ऑक्सिजनची नळी पुरत नव्हती. मी म्हटलं, जाऊ द्या, मी आहेच इथे.

पाचव्या रात्री अडीचच्या सुमारास एक इंजेक्शन आणायला खाली औषधाच्या दुकानात गेलो. रांग होती, लिफ्ट बंद होती. परत यायला पंचवीस मिनिटं लागली. वॉर्डाच्या दारातूनच टक टक असा आवाज ऐकू आला. औषधाचा छोटा प्लास्टिकचा पेला डाव्या हातात धरून ही खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटत होती. शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली, "केव्हाच्या ठोकून राहिल्या जी काकू. आम्हाले वाटलं, अंग दुखून राहिलं असन." लघवीची नळी त्याच संध्याकाळी काढली होती. चादर ओली झाली होती. मी सिस्टरला बोलावलं, मावशी आल्या, चादर बदलली, सगळं पाच मिनिटांत झालं. पण नंतर हिने तोंड भिंतीकडे केलं ते सकाळपर्यंत वळवलं नाही. ४४ वर्षांच्या संसारात माझ्याशी नजर न मिळवता ही पहिल्यांदाच झोपली.

सिस्टरांवर माझा काडीचाही राग नाही. ३६ खाटांना रात्री दोन सिस्टर होत्या आणि दोघी रात्रभर पायांवर उभ्या होत्या. माझा राग त्या बटणावर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची तपासणीच केली.

दाबलं तेवढा वेळ काउंटरवर बझर वाजायचा, सोडलं की बंद. कोणत्या खाटेवरून वाजली हे दाखवायला काउंटरमागे दिव्यांचं पॅनल होतं. त्यातले अर्धेअधिक दिवे गेलेले, उरलेले बटण दाबून ठेवलं तेवढाच वेळ पेटायचे. सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेवर सलाईन लावत असतील तर मान वळेपर्यंत दिवा विझलेला. मग त्यांनी जायचं कोणाकडे? आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाच्या पोराला होल्डिंग सर्किट शिकवतात. बटण सोडलं तरी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, धरून राहतो, दिवा पेटता राहतो, आणि तो सोडवायला दुसरं बटण दाबावं लागतं. हे सोडवायचं बटण रुग्णाच्या खाटेशीच असलं पाहिजे. म्हणजे कोणीतरी खाटेपर्यंत आल्याशिवाय दिवा विझणारच नाही. चांगल्या नर्स-कॉल व्यवस्थेत असंच असतं. याला कॉम्प्युटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

वीजसुद्धा लागत नाही म्हणा ना. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला, तेव्हा आधीच काही मागण्या कळवल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याची नळी हवी, जेवण वर चढवायला रहाट हवा, आणि घंट्या नर्सच्या दारासमोरच्या बोळात वाजाव्यात. प्रत्येक घंटीला एक झडप असावी, घंटी वाजली की ती उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला दिसेल. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून हिला वाचून दाखवलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका बाईने दोऱ्या आणि झडपांच्या जोरावर जे मागितलं, ते आमच्या वॉर्डात नव्हतं.

मी काय केलं ते सांगतो. सीताबर्डीच्या बाजारातून बिनतारी डोअरबेल आणली. तिच्या बटणात छोटा सेल असतो, त्यामुळे शॉकची भीती नाही. साबणाच्या डबीचं झाकण घेतलं, कडा घासून गोल केल्या, खाली स्प्रिंग बसवली. तळव्याएवढी पट्टी तयार झाली. कुठेही टेकलं तरी दाबली जाईल आणि करंगळीच्या जोरानेसुद्धा चालेल अशी. ओल्या फडक्याने पुसता यावी म्हणून वरून प्लास्टिक लावलं. डोअरबेल गाणं वाजवायची, ते रात्री वॉर्डात चालणार नाही, म्हणून स्पीकरची वायर कापली आणि त्या जागी लाल एलईडी लावला, एकदा पेटला की मी बंद करेपर्यंत पेटता राहणारा. सिस्टरची परवानगी घेतली आणि पट्टी हिच्या डाव्या तळव्याखाली चिकटपट्टीने बसवली.

पहाटे चार दहाला दिवा लागला. मी सतरंजीवरून उठलो. हिने डोळ्यांनी उशी दाखवली. उशी उलटली, थंड बाजू वर केली. दहा मिनिटांनी पुन्हा दिवा. मी उठलो. या वेळी हिला काहीच नको होतं. माझ्याकडे पाहत होती. पुन्हा आडवा झालो, पुन्हा दिवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही तपासून पाहते आहे, दाबलं की माणूस खरंच येतो का. मी त्या पहाटे सहा वेळा उठलो आणि सहाही वेळा मला आनंद झाला. त्यानंतर ही सलग साडेतीन तास झोपली. आल्यापासून एवढी झोप लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांनीच तो दिव्याचा डबा काउंटरवर मागून घेतला. म्हणाल्या, "काका, दिवा दिसला की कोणाकडे जायचं ते कळतं. नाहीतर बझर वाजला की सगळ्या खाटा हिंडत बसावं लागतं."

आता चष्म्याची गोष्ट. घंटीने बोलावता येतं, काय हवं ते सांगता येत नाही. माझी नात कॉलेजात आहे. तिने टॅबवर एक अ‍ॅप उतरवून आणलं, बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांवर बोट ठेवायचं. अ‍ॅप इंग्रजी होतं. शौचाच्या चित्रात कमोड, भुकेच्या चित्रात काटा-चमचा, दुखण्याच्या चित्रात कपाळावर लाल चांदण्या. आजीने बोट कुठेच ठेवलं नाही. नातीने मग रात्री बसून जाड कागदावर स्वतः चित्रं काढली. पाणी, पंखा, कूस बदला, नाकातली नळी टोचते, बेडपॅन, देवाचं लावा, घरी केव्हा. दुखणं किती हे सांगायला हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे काढले. चेहऱ्यांची अशी पट्टी अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी तयार केली, तीच आज जगभर वापरतात. आजीने चित्रांवर बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टरांना वाटलं, आकलनही गेलं असावं. त्यांनी तसं कागदावर लिहिलं.

चौथ्या दिवशी हिने नातीचा हात धरला आणि तिचं बोट स्वतःच्या दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी नेऊन दाबलं. पोरगी रडायलाच लागली. चष्मा! भरती करताना दागिने आणि चष्मा काढून माझ्या हातात दिले होते. मंगळसूत्र मी घरच्या कपाटात ठेवलं आणि चष्माही त्याच्यासोबत. वाचायचा चष्मा, अडीच नंबरचा. दहा दिवस या बाईला जवळचं काही दिसत नव्हतं आणि आम्ही सगळे तिच्यासमोर चित्रं नाचवत होतो. मी लगेच स्कूटर काढून घरी गेलो. चष्मा लावल्यावर हिने पहिलं बोट ठेवलं ते पंख्यावर, मग 'बंद' वर. दहा दिवस डोक्यावरचा पंखा सोसला होता. दुसरं बोट 'घरी केव्हा' वर.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वयस्कर माणसं दवाखान्यात भ्रमिष्टासारखी वागू लागतात, रात्री नळ्या उपटतात, घरच्यांना ओळखत नाहीत. ते टाळायला त्यांनी साध्या गोष्टी केल्या. आज वार कोणता, जवळ कोण आहे हे पुन्हा पुन्हा सांगायचं, रात्री झोप मोडायची नाही, चालवायचं, पाणी पाजायचं, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवायचं. नेहमीच्या वॉर्डांत १५ टक्के रुग्णांना असा भ्रम झाला, यांच्याकडे ९.९ टक्के. त्या यादीत चष्मा आहे हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. टॅब बसवणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावर एवढंच विचारलं, 'यांचा चष्मा कुठे आहे? कानाचं यंत्र कुठे आहे?' आणि नातेवाइकाने उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू दिलं नाही, तरी त्या टॅबचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. आयुष्य तेच शिकवण्यात गेलं. हिच्या उशाशी बसून मी जे वाचलं त्याने उमेद वाढली. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दरीचा एक आभासी खेळ केला. ड्रेसिंग बदलताना रुग्ण डोळ्यांवर यंत्र चढवतो आणि बर्फाचे गोळे फेकत राहतो. औषध चालूच असतं, पण लक्ष जखमेवरून हटतं आणि वेदना कमी जाणवते. आपल्या जळीत वॉर्डात, मे महिन्यात, पट्ट्या सुटताना ओरडणारं लेकरू ज्याने ऐकलं असेल त्याला याची किंमत सांगायला नको. जीई कंपनीचे डग डिट्झ यांनी स्वतः घडवलेल्या एमआरआय मशीनसमोर एक लहान मुलगी रडताना पाहिली. मग ते मुलांमध्ये जाऊन बसले आणि स्कॅनच्या खोलीला समुद्री चाच्यांच्या जहाजाचं रूप दिलं. मशीनचं काम तेच राहिलं, पण स्कॅनसाठी भूल द्यावी लागणारी मुलं कमी झाली.

इतक्या लांब जायलाही नको. आपल्या गडचिरोलीजवळ शोधग्रामला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय उभारताना आदिवासींना आधी विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? म्हणून तिथे रुग्णासोबत घरची माणसं राहू शकतील अशा झोपड्या आहेत, आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे. आधी विचारलं, मग बांधलं.

हिच्या समोरच्या खाटेवर एटापल्लीकडचे एक आजोबा होते. त्यांना गोंडीच येत होती. नातू डबा आणायला गेला की त्यांच्याशी बोलायला कोणी नसायचं. सकाळी पोट रिकामं ठेवा, तपासणी आहे, असं त्यांना तीन वेळा मोठ्या आवाजात सांगितलं, मराठीत आणि हिंदीत. त्यांनी मान हलवली आणि भाकर खाल्ली. तपासणी एक दिवस पुढे गेली. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोत, सगळ्याच दवाखान्यांत गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडची माणसं येतात. केंद्र सरकारचा २०२२ मध्ये सुरू झालेला 'भाषिणी' हा कॉम्प्युटरने भाषांतर करण्याचा प्रकल्प सुरुवातीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी होता, गोंडी त्या अनुसूचीत नाही. पण त्यासाठी थांबायचं कशाला? तीस वाक्यं ठरवा. उद्या उपाशी राहायचं आहे. सुई टोचणार आहे, थोडं दुखेल. डॉक्टर दहा वाजता येतील. ही वाक्यं एखाद्या गोंडी बोलणाऱ्या बाईकडून तिच्या आवाजात रेकॉर्ड करून टॅबमध्ये टाका. आजोबांना आपल्या गावचा आवाज ऐकू येईल.

आवाजाचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात वॉर्डात रात्री ३० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखान्याभोवतीच्या शांतता क्षेत्रातसुद्धा रात्री ४० डेसिबलच आहेत. मी मोबाइलवर मोजलं. ते माप अचूक नसतं हे मला ठाऊक आहे, पण रात्री दोनला काटा ६० च्या खाली आला नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, म्हणजे मर्यादेच्या कितीपट हे ज्याने त्याने मांडून पाहावं. यातला मोठा वाटा मॉनिटरच्या टी-टीचा. बोटावरची क्लिप सरकली तरी गजर. परदेशातल्या अभ्यासांत असे ७२ ते ९९ टक्के गजर खोटे निघाले आहेत. रात्रभर खोटा गजर ऐकून सिस्टरचे कान बधिर होतात आणि खरा गजरही त्यातच बुडतो. आता प्रत्येक खाटेला बोलणारा टॅब येणार असेल तर त्याचा आवाज कोण आवरणार, हे आजच ठरवा. रात्री दहानंतर पडद्याचा उजेड आपोआप मंद व्हावा आणि गाणी-सिनेमे इअरफोनशिवाय वाजूच नयेत.

आणखी एक. कोणत्या सिस्टरने किती मिनिटांत दिवा विझवला याचा हिशेब हे टॅब ठेवतील, आणि उद्या कोणीतरी त्यावरून सिस्टरचा पगार कापेल. तसं झालं तर तारा उपटल्या जातील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. तो हिशेब एका वॉर्डात किती सिस्टर कमी आहेत हे दाखवायला वापरा.

दवाखान्याच्या संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे की, टेंडर काढण्याआधी नमुन्याचा एकच टॅब आणि एकच घंटी एका खाटेला लावा. कंपनीच्या माणसाला त्या खाटेवर झोपवा. उजवा हात बांधा, चष्मा काढून घ्या, खोलीत अंधार करा, तोंडाने बोलू देऊ नका, आणि म्हणा, आता पाणी माग. मग लाइट घालवून तेच पुन्हा करा. आपल्याकडे व्हीएनआयटी आहे, इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहे. दरवर्षी शेकडो पोरं प्रोजेक्ट करतात. त्यातल्या चार-सहा पोरांना परवानगी घेऊन तीन रात्री वॉर्डात सतरंजीवर झोपू द्या. परत येतील तेव्हा काय बनवायचं हे त्यांना सांगावं लागणार नाही. ज्या दवाखान्याला घंट्यांचं होल्डिंग सर्किट बसवून घ्यायचं असेल, पट्टीचं बटण करून हवं असेल, तिथे मी येतो. सामानाचा खर्च त्यांचा, मजुरी नको. माझे जुने विद्यार्थीही येतील, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे.

ही आता घरी आहे. काठीने स्वयंपाकघरापर्यंत जाते. शब्द एकेक करून परत येत आहेत, रोज सकाळी फिजिओथेरपी झाली की स्पीच थेरपीवाल्या बाईंनी दिलेला अभ्यास करते. पट्टी अजून उशाशी असते. रात्री कधी तरी दिवा लागतो, मी उठतो. हे पत्र पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ थांबली आणि मग एकेक अक्षर जुळवत विचारलं, "चष्मा... लिहिला?"

लिहिला आहे.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
प्रतापनगर, नागपूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)